आधी काय विचारायचं?

(कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षण शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



शिबिराच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘संगणकीय विचारपद्धती’ असा भारदस्त विषय छापलेला आहे. तो वाचून काहीजणींना वाटलं असेल की आज कॉम्प्युटरचं बटण कुठलं दाबायचं ते शिकवणार. तसं काही नाही. मी एमएसडब्ल्यू केलेली बाई, गेली काही वर्षं सल्ला केंद्राच्या टेबलामागे बसते. यंत्राच्या पोटात काय असतं याच्याशी माझा संबंध नाही. पण यंत्राला काम सांगण्याआधी माणसाला जो विचार करावा लागतो, त्याच्याशी आपला सगळ्यांचा संबंध आहे. आपल्या केंद्रात आलेल्या बाईला आपण आधी काय विचारतो आणि सरकारी फॉर्म तिला आधी काय विचारतो, याबद्दल मी बोलणार आहे.

‘अल्गोरिदम’ हा शब्द ऐकून दडपायला होतं, पण तो एका माणसाच्या नावावरून आलेला शब्द आहे. नवव्या शतकात बगदादला अल्-ख्वारिझ्मी नावाचा गणिती होता. भारतीय अंकांनी हिशेब कसे करायचे यावर त्यानं पुस्तक लिहिलं. ते पुढे लॅटिनमध्ये गेलं, तिथे त्याच्या नावाचं वेगळंच रूप झालं, आणि हिशेबाच्या पद्धतीलाच ते नाव चिकटलं. मराठीत याला साधा शब्द आहे, रीत. शाळेत बाई वहीवर लाल रेघ मारून विचारायच्या ना, “उत्तर बरोबर आहे, पण रीत कुठाय?” तीच ही रीत.

मसावि आठवतोय? ८४ आणि ३६ यांचा मसावि काढा. ८४ ला ३६ ने भागायचं, बाकी १२. मग ३६ ला १२ ने भागायचं, बाकी शून्य. म्हणून मसावि १२. ही रीत युक्लिडच्या ग्रंथात आहे, म्हणजे दोन हजार वर्षांहून जुनी. आपल्यापैकी किती जणींना माहीत आहे की ही रीत बरोबर का येते? मला शाळेत असताना माहीत नव्हतं. तरी पैकीच्या पैकी मार्क मिळायचे. रीतीची गंमत यातच आहे. ती करणाऱ्याला कारण कळण्याची गरज नसते. पायऱ्या क्रमानं केल्या की झालं. म्हणून तर ती यंत्राला देता येते. आणि म्हणूनच ती सरकारी खिडकीमागच्या माणसाला देता येते, जो म्हणतो, “बाई, मला काय माहीत, सिस्टीम घेत नाहीये.” हे वाक्य तुम्ही सगळ्यांनी ऐकलेलं आहे. मी पुन्हा त्याच्याकडे येणार आहे.

त्याआधी एका गोष्टीचा निकाल लावू. आपल्याच चळवळीतल्या एका ज्येष्ठ मैत्रिणीनं मला विषय ऐकल्यावर म्हटलं, “हा सगळा पुरुषी विचार आहे गं. तुकडे पाडायचे, चौकटीत बसवायचं. बाई समग्र विचार करते.” मला हे पटत नाही. पुरुषाकडे तर्क आणि बाईकडे भावना ही वाटणी ज्यांनी केली त्यांच्याविरुद्ध आपण इतकी वर्षं बोलतोय, आणि आता ती वाटणी आपणच कौतुकानं मान्य करायची? स्वेटर विणणाऱ्या बाईची वही बघा. ‘दोन सुलट, दोन उलट, शेवटपर्यंत, असं आठ ओळी.’ एकच कृती ठरावीक वेळा पुन्हा करायची, मग पुढे जायचं. प्रोग्रॅम लिहिणारे हेच करतात. सकाळी सहाला उठून डबे, पाणी, पोरं, सासऱ्यांचं औषध आणि सातची एसटी हे सगळं बसवणारी बाई कुठलं काम कुठल्या कामावर अवलंबून आहे हे ओळखूनच बसवते. कुकर आधी लावते आणि कणीक त्या वेळात मळते. यात भावना कमी आणि हिशेब जास्त आहे. (याचा अर्थ तिचं राबणं थोर आहे असा मी काढत नाही. राबणं राबणंच आहे, आणि ते फुकटचं आहे.)

इतिहासही हेच सांगतो. १८४३ साली इंग्लंडमध्ये एडा लव्हलेस या बाईनं बॅबेज यांच्या नियोजित यंत्राविषयी टिपणं प्रसिद्ध केली. त्यात बर्नुली संख्या काढण्यासाठी यंत्रानं एकेक पायरी कशी करावी याचा तक्ता आहे. यंत्र मात्र पुरं झालंच नाही. तरी तो तक्ता पहिला प्रोग्रॅम म्हणून ओळखला जातो. पुढे ‘कॉम्प्युटर’ हा शब्द तर माणसासाठीच वापरत, हिशेब करणाऱ्या नोकरदारासाठी, आणि त्या नोकरीत बायका पुष्कळ होत्या. १९४६ मध्ये अमेरिकेत एनिॲक हे यंत्र जगापुढे आलं, त्याचे प्रोग्रॅम सहा बायकांनी बसवले होते. त्यांची नावं पुढे कित्येक वर्षं कुणी घेतली नाहीत. यात आपल्याला नवल वाटायचं कारण नाही.

आता ‘संगणकीय विचार’ म्हणजे काय? हा शब्दप्रयोग सिमोर पेपर्ट या शिक्षणतज्ज्ञाच्या १९८० च्या पुस्तकात येतो. २००६ साली जिनेट विंग या अमेरिकन प्राध्यापक बाईंनी एक छोटासा लेख लिहून म्हटलं की वाचणं, लिहिणं, हिशेब करणं यांच्याबरोबर ही पद्धतही प्रत्येकाला यायला हवी, फक्त संगणकवाल्यांना नव्हे. तिथून तो सगळीकडे पसरला. आपल्या २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही तो आहे, म्हणजे तुमच्या मुलींच्या शाळेत तो येणार. थोडक्यात सांगायचं तर मोठ्या प्रश्नाचे हाताळता येतील असे तुकडे करायचे, आधी पाहिलेल्या प्रश्नांशी त्याचं साम्य शोधायचं, कामाचं तेवढं ठेवून बाकीचं बाजूला काढायचं, आणि मग पायऱ्यांचा क्रम लावायचा. ऐकायला सोपं आहे. खरी मेख ‘कामाचं तेवढं ठेवून’ यात आहे. कामाचं काय हे कुणी ठरवायचं?

आमच्या केंद्राचंच उदाहरण घेऊ. आमच्याकडे जुन्या प्रकरणांच्या फायली कपाटात रचलेल्या होत्या, आल्या त्या क्रमानं. एखादी बाई चार वर्षांनी परत आली की तिची फाईल शोधायला अर्धा दिवस जायचा. तेवढा वेळ ती बाकड्यावर. एका संगणक शिकणाऱ्या स्वयंसेवक मुलीनं आम्हाला सांगितलं की फायली अकारविल्हे लावा आणि शोधताना पहिल्यापासून शोधू नका. मधली फाईल उघडा. हवं ते नाव तिच्या अलीकडे की पलीकडे बघा. निम्म्या फायली एका झटक्यात बाद. उरलेल्यांतली पुन्हा मधली उघडा. हजार फायली असल्या तरी फार तर दहा वेळा उघडावं लागतं, कारण हजाराचे निम्मे, त्याचे निम्मे असं करत गेलं की दहाव्या खेपेला एक उरते. आम्हाला जादूच वाटली. आपण शब्दकोश असाच बघतो, पण फायलींच्या बाबतीत कुणाला सुचलं नव्हतं.

मग अडचण आली. अकारविल्हे, पण कुठल्या नावानं? सरळ उत्तर होतं, आडनावानं. कुठलं आडनाव? पहिल्यांदा आली तेव्हा तिनं सासरचं सांगितलेलं असतं. चार वर्षांनी ती माहेरचं सांगते. एखादी दोन्ही टाकते. एकीनं तर मला सांगितलं, “ताई, ते नाव घेऊन तोंड नासवू नका.” तिची फाईल तिच्या नवऱ्याच्या नावाखाली गाडलेली. आमच्या त्या मुलीला वाटलं होतं हा फक्त सोयीचा प्रश्न आहे. आम्ही एक संध्याकाळ त्यावर भांडलो. शेवटी ठरलं की पहिलं नाव बाईचं स्वतःचं, त्यापुढे तिच्या आईचं. लग्न होवो, मोडो, ही दोन नावं बदलत नाहीत. (लग्नात नाव बदलायची चाल असलेल्या घरांचं काय, असं तुम्ही विचाराल. तिथे आम्ही बाईलाच विचारतो, तुमचं नाव कुठलं समजायचं? आणि दुसरं नाव वेगळ्या वहीत लिहून ठेवतो.) पुढे महाराष्ट्र शासनानं १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आईचं नाव आणि मग वडिलांचं नाव लावायचा निर्णय घेतला, तेव्हा आम्ही केंद्रात पेढे वाटले.

फाईल लावायच्या रीतीत सुद्धा कुणाला मध्यभागी धरायचं हे ठरतं, एवढंच मला दाखवायचं होतं.

आता सल्ला केंद्राच्या मुख्य कामाकडे वळू. बाई येते. ती एका दमात सगळं सांगते. मारतो, दारू पितो, दागिने सासूनं ठेवलेत, मुलीची परीक्षा आहे, भाऊ म्हणतो नांद, माझी पाठ दुखते. नवी कार्यकर्ती इथे गांगरते. एक तर ती सगळं ऐकून हतबल होते, किंवा तिला जे पहिलं ऐकू आलं त्याच्याच मागे धावते. दारू म्हटलं की व्यसनमुक्ती केंद्राचा पत्ता. इथे तुकडे पाडणं उपयोगी पडतं. आजच्या रात्रीचा प्रश्न वेगळा, या आठवड्याचा वेगळा, कोर्टाचा वेगळा, आणि ‘मला पुढे काय हवंय’ हा चौथा, ज्याला सहा महिनेही लागतील. चारही एकाच दिवशी सोडवायला गेलात तर एकही सुटत नाही.

क्रम कसा लावायचा? आमच्या केंद्रात पूर्वी छापील फॉर्म होता. त्यातला पहिला रकाना नाव, दुसरा पतीचे नाव, तिसरा विवाहाची तारीख. सातव्या की आठव्या रकान्यात ‘तक्रारीचे स्वरूप’. आम्ही तो बदलला. आता पहिला प्रश्न आहे, “आज रात्री कुठे झोपणार?” नाव सुद्धा त्यानंतर. ‘घरीच’ असं उत्तर आलं तर दुसरा प्रश्न, “तिथे जिवाला धोका वाटतो का?” वाटत असेल तर कागद बाजूला आणि फोन हातात. वाटत नसेल तर तिसरा प्रश्न. ‘जागा नाही’ असं उत्तर आलं तर रस्ता वेगळा, आधी निवाऱ्याची सोय, अंगावर मार असेल तर आधी दवाखाना आणि तिथली नोंद. जुने कागद चाळताना आम्हाला हेही दिसलं की पुष्कळ बायका घर सोडताना आधार कार्ड, रेशन कार्डाची प्रत, मुलांचे दाखले काहीच घेऊन निघालेल्या नसतात, आणि तेवढ्यासाठी त्यांना पुन्हा त्या दारात जावं लागतं. म्हणून जी बाई अजून घरात आहे तिला पहिल्याच भेटीत सांगायचं, कागदांच्या प्रती शेजारणीकडे ठेवा. साम्य शोधणं म्हणतात ते हेच. प्रत्येक बाईची गोष्ट वेगळी आहे हे खरं, पण आधार कार्ड मात्र सगळ्यांचंच मागे राहतं.

कायद्याच्या बाबतीत तर पायऱ्या मांडल्याशिवाय गत्यंतर नाही. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा आपल्यापैकी बहुतेकींना पाठ आहे, पण तो आपण कलमांच्या क्रमानं पाठ केलाय. बाईला तो त्या क्रमानं लागत नाही. तिला लागतो तो असा. मी माहेरी आलेय, इथल्या कोर्टात जाता येईल का? येईल, तात्पुरती राहत असली तरी येईल, कलम २७. संरक्षण अधिकाऱ्यांकडे घटनेचा अहवाल भरायचा, कलम १२ खाली अर्ज करायचा. पहिली तारीख किती दिवसांत? साधारणपणे तीन दिवसांत, असं कायदाच म्हणतो. निकाल साठ दिवसांत लावण्याचा प्रयत्न करावा असंही म्हणतो, आणि तो किती पाळला जातो हे तुम्हाला माझ्याहून चांगलं ठाऊक. तोवर काय? कलम २३, अंतरिम आदेश. घरात राहायचंय तर १९, पैसे हवेत तर २०, मुलांचा ताबा हवा तर २१. आम्ही भिंतीवर याचा तक्ता लावला आहे, चौकोन आणि बाण काढून. नवी मुलगी सुद्धा तो बघून पहिल्या आठवड्यापासून बाईला नीट सांगू शकते. याआधी हे ज्ञान दोन-तीन जुन्या कार्यकर्त्यांच्या डोक्यात होतं, आणि त्या रजेवर गेल्या की केंद्र अर्धं बंद. रीत लिहून काढली की ज्ञान सगळ्यांचं होतं. संघटनेच्या दृष्टीनं मला हा मोठा फायदा वाटतो, कारण आपल्याकडे ताईंच्या डोक्यात सगळं असण्याची वाईट खोड आहे.

तक्त्यात एक चौकोन मात्र आम्ही मुद्दाम ठेवला आहे. जवळजवळ प्रत्येक बाण त्यातून जातो. त्यात लिहिलंय, “तिला हे हवं आहे का, विचारा.” उत्तर ‘नाही’ आलं तर थांबायचं. पुढचा बाण नाही. आणि तळाशी आणखी एक चौकोन, “यातलं काहीच बसत नाही – दोघींनी मिळून बोला.” तिथे आलेल्या प्रत्येक बाईची नोंद होते आणि दर तीन महिन्यांनी आम्ही त्या नोंदी वाचून तक्ता बदलतो. मूकबधिर बाईला पहिला प्रश्न विचारायचा कसा, हे आम्हाला तिथूनच कळलं.

आता त्या ‘सिस्टीम घेत नाही’कडे येते. सरकारी योजना म्हणजेही तक्ताच असतो, फक्त तो भिंतीवर लावलेला नसतो. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना घ्या, कारण ती तुमच्या प्रत्येकीच्या गावात आहे. जून २०२४ च्या शासन निर्णयानं ती आली, महिना १५०० रुपये. अटी अशा की वय २१ ते ६५, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत, कुटुंबात कुणी प्राप्तिकर भरणारं नको, कुणाच्या नावावर ट्रॅक्टर सोडून चारचाकी नको. योजना चांगली की मतांसाठी, यावर आज बोलत नाही. त्यावर आपल्यात दोन मतं आहेत आणि असू देत. मी फक्त रीत बघतेय.

योजनेच्या शासन निर्णयांत पात्र बायकांची यादी आहे. विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता, निराधार, आणि कुटुंबातली एक अविवाहित. ‘परित्यक्ता’ हा शब्द तिथे आहे, याचं मोल तरुण मैत्रिणींच्या लक्षात यावं म्हणून सांगते. १९८८ साली समता आंदोलनानं संगमनेरला परित्यक्तांची परिषद घेतली, तेव्हा टाकलेली बाई सरकारच्या कुठल्याच रकान्यात नव्हती. ती धड सवाष्ण नाही, धड विधवा नाही. तिचं रेशन कार्ड नवऱ्याच्या घरात. किती तरी वर्षांच्या भांडणानंतर तो शब्द शासन निर्णयांत येऊ लागला.

सप्टेंबर २०२५ मध्ये या योजनेसाठी ई-केवायसी सक्तीची झाली. बाईचा आधार क्रमांक टाकायचा, आणि त्यापुढे पतीचा किंवा वडिलांचा. कुटुंबाचं उत्पन्न तपासायचं तर कुटुंबातल्या पुरुषापासून सुरुवात, असा विचार त्यामागे असावा. त्या आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येणार आणि तो टाकल्यावर पुढची पायरी. आता आपल्या बाईला या रस्त्यानं चालवून बघा. नवऱ्यानं टाकलंय. ओटीपी त्याच्या फोनवर. ज्यानं घराबाहेर काढलं त्याला फोन करून विचारायचं, “अहो, सहा आकडे आलेत ते सांगता का?” वडील हयात असतील आणि त्यांचा फोन आधारला जोडलेला असेल तर निभावलं. नसतील तर? ओरड झाली, तेव्हा नोव्हेंबर २०२५ मध्ये मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली आणि सवलत जाहीर झाली की पती किंवा वडील हयात नसतील, किंवा घटस्फोट झाला असेल, तर मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा कागद अंगणवाडीत द्यावा. बरं झालं. पण टाकलेल्या बाईकडे या दोन्हींतला कुठला कागद असतो? नवरा मेलेला नाही आणि घटस्फोट झालेला नाही, यालाच तर टाकलेली म्हणतात! शासन निर्णयात तिचं नाव आहे आणि पडद्यावर तिला दार नाही. एका तालुक्यात मी अशा बाईसोबत खिडकीवर उभी होते. पलीकडचा मुलगा वाईट नव्हता. तो म्हणाला, “मॅडम, कुठलंतरी एक टाकावंच लागतं, रिकामं सोडलं तर पुढं जात नाही.” त्या मुलावर रागावून काय होणार? पायरी त्यानं लिहिलेली नव्हती.

दर वेळी ठरवूनच कुणी बाईला वगळतं असं मी म्हणत नाही. बहुतेक वेळा लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ती बाई आलेलीच नसते. त्यानं ‘कामाचं तेवढं’ ठेवलं, आणि त्याच्या मते काम दोन प्रकारच्या बायकांत भागत होतं, नवऱ्याची बायको आणि बापाची मुलगी.

हे आपल्याकडेच घडतं, संगणक आपल्याला नवा म्हणून घडतं, असं समजू नका. नेदरलँड्ससारख्या श्रीमंत आणि शिस्तीच्या देशात पाळणाघराच्या अनुदानात कोण फसवतंय हे शोधायला कर खात्यानं संगणकाची मदत घेतली होती. हजारो पालकांवर चुकीचे आरोप झाले, लाखो रुपयांइतकी वसुली निघाली, घरं मोडली. अर्जदार त्या देशाचा नागरिक आहे की नाही, हाही संशय मोजण्यातला एक घटक होता, असं ॲम्नेस्टीनं २०२१ च्या अहवालात मांडलं. त्याच वर्षी जानेवारीत तिथल्या सगळ्या मंत्रिमंडळानं राजीनामा दिला. त्याच देशातल्या रॉटरडॅम शहरानं भत्ता घेणाऱ्यांपैकी कुणाची चौकशी करायची हे ठरवायला एक रीत वापरली होती. पत्रकारांनी २०२३ मध्ये ती उलगडून दाखवली, तर बाई असणं आणि मुलं असणं यानंही संशयाचा आकडा वाढत होता. ही रीत कुणी पायरी-पायरीनं लिहिलेली नव्हती, हे समजून घ्या. जुन्या चौकशांचे कागद यंत्राला दिले आणि यंत्रानं त्यातून ‘संशयित कसे दिसतात’ ते शिकून घेतलं. म्हणजे पूर्वीच्या अधिकाऱ्यांनी ज्यांच्याकडे वाकड्या नजरेनं बघितलं, त्यांच्याकडे यंत्रही तसंच बघू लागलं. सुनेनं सासूकडून शिकावं तसं. फरक एवढाच की सासूशी भांडता येतं.

यंत्र घरात येतच राहणार. जुलै २०२५ पासून अंगणवाडीतला घरी न्यायचा आहार घ्यायला लाभार्थीचा चेहरा मोबाईलवर जुळवावा लागतो. अंगणवाडी सेविकांनी २०२१ मध्ये, ॲप इंग्रजीत आणि फोन निकृष्ट म्हणून, फोन परत केले होते, हे तुम्हाला आठवत असेल. मला त्या आंदोलनाचा आदर आहे, पण प्रत्येक वेळी फोन परत करून भागणार नाही. रीत वाचता आली पाहिजे, आणि ती मागता आली पाहिजे. त्यासाठी आपल्या हातात एक जुनं हत्यार आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे, प्रशासकीय निर्णयाची कारणं ज्याच्यावर परिणाम होतो त्याला देणं कार्यालयावर बंधनकारक आहे. ‘सिस्टीम घेत नाही’ हे कारण नव्हे. कुठल्या अटीवर अर्ज अडला, ती अट कुठल्या शासन निर्णयात आहे, आणि निर्णयात नसेल तर ती पडद्यावर कुणी घातली, हे लेखी विचारा. तिन्ही वेगवेगळे प्रश्न करून विचारा. एकत्र विचारलेत तर एकाचंच उत्तर देऊन मोकळे होतात.

आता बोलणं पुरे. तुमच्या गटांत मी एकेक कोरा फॉर्म वाटतेय, वेगवेगळ्या योजनांचे आहेत. मोठ्या कागदावर त्याचा तक्ता काढा. प्रत्येक प्रश्नाचा चौकोन, ‘हो’ला एक बाण, ‘नाही’ला एक बाण. “घरात कोणी सरकारी नोकरीत नाही ना?” असले उलटे प्रश्न असतील तर आधी गटातल्या पाचजणींना उत्तर विचारा आणि किती जणी ‘हो’ म्हणतात, किती ‘नाही’ म्हणतात ते लिहून घ्या. नोकरीत कोणी नसलं तरी दोन्ही उत्तरं येतील, बघा. मग त्या तक्त्यावरून एकेका बाईला चालवा. पहिल्या गटाला टाकलेली बाई, वडील वारलेले. दुसऱ्या गटाला ऊसतोडीला गेलेली बाई, जिचा फोन नवऱ्याकडे असतो. तिसऱ्या गटाला पस्तिशीतली अविवाहित, धाकट्या बहिणीचंही लग्न न झालेली. चौथ्या गटाला देवदासी म्हणून सोडलेली बाई, जिच्या मुलांच्या दाखल्यावर बापाचं नाव नाही. बाण जिथे अडेल तिथे लाल खडूनं फुली मारा आणि फुलीशेजारी लिहा की तिथे कुठला प्रश्न विचारायला हवा होता. चार वाजेपर्यंत वेळ आहे. खडू त्या खिडकीपाशी ठेवलेत.